एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच मंचावर मधुमेहावर व्याख्यान झाले, उद्या मृत्युपत्रावर आहे. मधला दिवस माझ्या वाट्याला आला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस मुदत ठेवींवर बोलणार अशी काहींची समजूत झालेली दिसते, कारण दोघे-तिघे पासबुक घेऊन आले आहेत. त्यांना मी व्याख्यानानंतर भेटतो. आजचा विषय एक संख्या आहे, एकच. ती फळ्यावर लिहून ठेवली आहे : १,४२,८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

एका संख्येवर पाऊण तास काय बोलणार, असे आमच्या घरातही विचारून झाले आहे. पण ही संख्या या सोसायटीत पहिल्या दिवसापासून राहते आहे. तिच्या नावावर सदनिका नाही, एवढेच.

जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्याच वर्षी आपण ठराव केला की सामाईक खर्च आधी सातही इमारतींत सारखा वाटायचा आणि मग प्रत्येक इमारतीने आपला वाटा आपल्या सदनिकांत वाटून घ्यायचा. इमारती सात, आणि अंदाजपत्रकातले आकडे नेहमी गोल. कुंपणाला एक लाख, टँकरला दोन लाख, आतल्या रस्त्याला तीन लाख, असे. आता या गोल आकड्यांना सातने भागा. एका इमारतीच्या वाट्याला काय येते ते मी लिहून दाखवतो.

१ लाख : १४,२८५.७१
२ लाख : २८,५७१.४३
३ लाख : ४२,८५७.१४
४ लाख : ५७,१४२.८६
५ लाख : ७१,४२८.५७
६ लाख : ८५,७१४.२९

शेवटचा अंक जवळच्या पैशावर आणताना काही ठिकाणी एकाने वाढला आहे, तो सोडून द्या. बाकी सगळीकडे तेच सहा अंक आहेत, १, ४, २, ८, ५, ७, आणि तेही त्याच क्रमाने. फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होते.

काही वर्षांपूर्वी यावरूनच आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक अवघड प्रसंग आला होता. त्या वर्षी कामे भरपूर निघाली होती आणि हे सहाही आकडे अहवालाच्या एकाच पानावर आले. आपल्यातलेच एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आयुष्य गेलेले, आकड्यांवर बारीक नजर. ते म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण हे आकडे मला खरे वाटत नाहीत. माणूस मनाने आकडे लिहायला बसला की तेच तेच अंक येतात." खजिनदार वहिनींनी काही उत्तर दिले नाही. फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून दुसरा खजिनदार बघा." नऊ वर्षे एक पैसा न घेता त्यांनी ते काम केले होते.

मला इथे काकांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांची शंका वेडगळ नव्हती. बँकेच्या तपासणीत आम्हालाही हेच शिकवलेले असायचे. व्हाउचरच्या गठ्ठ्यात तेच तेच अंक दिसायला लागले की थांबा, मूळ पावती मागा. बनावट आकडे लिहिणाऱ्याचा हात नकळत ठरावीक अंकांकडे जातो. म्हणून सभेने ठरवले की काकांनी आणि मी मिळून सगळ्या पावत्या तपासायच्या. दोन संध्याकाळी लागल्या. एकूण एक बिल सापडले, एकूण एक धनादेश जुळला. तरीही काकांचे समाधान होईना, आणि त्यांचे बरोबर होते. पावत्या जुळल्या हे खरे, पण तेच तेच अंक का येतात, याचे उत्तर पावत्यांत नव्हते. ते चौथीच्या वर्गात शिकवलेल्या भागाकारात होते. सभेच्या सूचनेच्या कागदामागे आम्ही तो मांडला. काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि ही गोष्ट मी त्यांना विचारूनच सांगतो आहे. वहिनीही आल्या आहेत. त्या घटनेनंतर आणखी चार वर्षे त्यांनी खजिनदारकी सांभाळली.

तर तो भागाकार. मुलांनो, माझ्याबरोबर म्हणा. एकाला सातने भाग जात नाही, म्हणून दशांश चिन्ह देऊन दहा घेतले. दहात सात एकदा, बाकी तीन. तिसात सात चार वेळा, बाकी दोन. विसात दोनदा, बाकी सहा. साठात आठ वेळा, बाकी चार. चाळिसात पाच वेळा, बाकी पाच. पन्नासात सात वेळा, बाकी एक. एक! म्हणजे जिथून निघालो तिथेच परत आलो. आता पुन्हा दहा घ्यायचे, पुन्हा तीन उरणार, आणि हे असेच चालू राहणार.

सगळी गंमत बाकीत आहे. सातने भागताना बाकी काय उरू शकते? एक ते सहा, यांपैकीच काहीतरी. शून्य उरले तर भागाकार संपला, आणि इथे तो संपत नाही. म्हणजे फार तर सहा पायऱ्यांनंतर एखादी बाकी पुन्हा येणारच. सातच्या बाबतीत सहाही बाक्या एकेकदा येतात, एकही सुटत नाही. क्रम असा : १, ३, २, ६, ४, ५. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचा रहाट पाहिला असेल त्यांनी सहा गाडग्यांचा रहाट डोळ्यांसमोर आणावा. गाडग्यांवर या बाक्या लिहिल्या आहेत आणि प्रत्येक गाडगे आपला एक अंक ओततेय : एकचे गाडगे १ ओतते, तीनचे ४, दोनचे २, सहाचे ८, चारचे ५, पाचचे ७. आता तीन लाखांचा सातवा भाग काढायचा म्हणजे काय? रहाट तोच, आपण फक्त तीनच्या गाडग्यापासून मोजायला सुरुवात केली. म्हणून ४, २, ८, ५, ७, १. सहा लाख असतील तर सहाच्या गाडग्यापासून : ८, ५, ७, १, ४, २.

काकांना हे पटले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे माझी शंका उलटी होती. यापेक्षा वेगळे अंक दिसले असते, तर वहिनींना विचारायला हवे होते!" अगदी खरे. यातून तपासणीचे एक छान साधन हाताला लागते. पूर्ण रुपयांतली कोणतीही रक्कम सातने भागा. भाग निःशेष गेला नाही, तर पैशांच्या जागी सहाच आकडे येऊ शकतात : १४, २९, ४३, ५७, ७१ किंवा ८६. सातवा आकडा नाही. वाटणीच्या कागदावर पस्तीस किंवा साठ पैसे दिसले, तर कॅलक्युलेटर न काढता म्हणता येते की इथे काहीतरी चुकले आहे.

पैशांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत ते दरवर्षी येत असे. १४,२८५.७१ ला सातने गुणले की ९९,९९९.९७ होतात. तीन पैसे गेले कुठे? दोन लाखांच्या वाटणीत उलट एक पैसा जास्त येतो. तीन लाखांत दोन पैसे कमी, चार लाखांत दोन जास्त, पाच लाखांत एक कमी आणि सहा लाखांत तीन जास्त. सहाही खाती एकत्र केली की घट आणि वाढ पूर्ण फिटते. वरच्या सहा ओळींची बेरीज करून पाहा, बरोबर तीन लाख येते, पैशाचाही फरक नाही. हा योगायोग नाही. एक लाख आणि सहा लाख मिळून सात लाख होतात, त्याला सातने निःशेष भाग जातो, म्हणून एकाची घट ती दुसऱ्याची वाढ. दोन आणि पाच, तीन आणि चार यांचेही तसेच.

पाचव्या इमारतीतले माझे मित्र भोसरीच्या एका टूलरूममध्ये मिलिंग मशिनवर होते. त्यांना मी हे पैशांचे पुराण ऐकवले तर ते हसले. म्हणाले, "तुम्ही बँकवाले दशांश करता कशाला? आम्ही सात दात्यांचे गिअर कापायचो, तेव्हा असे केले असते तर सातवा दाता पहिल्याला मिळालाच नसता." वर्तुळाचे ३६० अंश सातने भागले तर येतात ५१.४२८५७१... बघा, तिथेही आपली संख्या हजर आहे. एवढे अंश मोजून कुणी कापत नाही. मिलिंग मशिनवर डिव्हायडिंग हेड असते. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की काम एकदा फिरते. सात भाग करायचे तर दर भागाला चाळीस भागिले सात, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि पाच सप्तमांश फेरा. या पाच सप्तमांशाचे दशांश करायचे नाहीत. एकवीस भोकांची चकती लावायची आणि पाच फेऱ्यांनंतर पंधरा भोके पुढे जायचे. पंधरा एकविसांश म्हणजेच पाच सप्तमांश. सात वेळा असे केले की बरोबर चाळीस फेरे. उरलासुरला काही नाही, तोडलेला पैसा नाही. चाकण-भोसरीत लेथवर, मिलिंगवर घाम गाळलेली मंडळी आपल्या सोसायटीत पुष्कळ आहेत आणि अपूर्णांक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो, हे मी बँकवाला असूनही मान्य करतो. पुढे वहिनींनीही तेच केले. वाटणी अपूर्णांकातच चालवायची, रुपये-पैसे शेवटच्या ओळीत करायचे आणि उरलेले दोन-तीन पैसे एका इमारतीच्या वाट्यात घालून मोकळे व्हायचे. लेखापरीक्षकाचा शेरा तेव्हापासून बंद झाला.

आता हिशेब बाजूला ठेवून संख्येकडेच वळू. तिला एकपासून सहापर्यंत गुणा : १,४२,८५७. २,८५,७१४. ४,२८,५७१. ५,७१,४२८. ७,१४,२८५. ८,५७,१४२. रहाट फिरतोच आहे. आणि सातने गुणल्यावर? पोरांनो, पाटी भरून नऊ : ९,९९,९९९.

नऊ म्हटले की बँकेतल्या जुन्या माणसाचे कान टवकारतात. संगणक येण्याआधी आमची लेजरे हाताने लिहिलेली असायची आणि ठरावीक दिवशी सगळ्या खात्यांची बेरीज मुख्य खात्याशी जुळवावी लागे. ती पहिल्या फटक्यात जुळली असे फार क्वचित व्हायचे. रात्रीचे नऊ वाजायचे, चहाच्या कपांची रांग लागायची. फरक किती आला ते पाहून हेडकॅशिअर पहिला प्रश्न विचारायचे, "नऊने भाग जातो का?" भाग गेला की अंकांची अदलाबदल शोधायची. ५,४७२ च्या जागी कुणी ५,७४२ लिहिले तर फरक २७०, नऊने तो भागला जातो. कोणतेही दोन अंक जागा बदलोत, फरक नऊच्या पाढ्यातच येतो. कारण दहा, शंभर, हजार यांतून एक वजा केला की ९, ९९, ९९९ उरतात. आपल्याकडे गुणाकार तपासायला नऊचा ताळा पाहायची जी जुनी पद्धत आहे, तिच्याही मुळाशी हेच आहे. आपली संख्या ही सहा नवांचा सातवा भाग. तिचे सगळे गुण त्या नवांतून येतात.

मधून कापून पाहा. १४२ आणि ८५७, बेरीज ९९९. दोन-दोन अंक घ्या : १४, २८, ५७, बेरीज ९९. मधोमध कापल्यावर नऊच का येतात, याचा नियम फ्रान्समधल्या मिडी नावाच्या गणितज्ञाने १८३६ मध्ये सांगितला. आपल्या रहाटात तो सरळ दिसतो. समोरासमोरच्या गाडग्यांवरच्या बाक्या पाहा : १ समोर ६, ३ समोर ४, २ समोर ५. प्रत्येक जोडीची बेरीज सात. म्हणून त्यांतून पडणाऱ्या अंकांची बेरीज नऊ : १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७.

सातच्या पुढे काय होते? आपले रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, तर पंचवीसने गुणू. १,४२,८५७ गुणिले २५, उत्तर ३५,७१,४२५. रहाट मोडला की काय? नाही मोडला. शेवटचे सहा अंक वेगळे करा, ५,७१,४२५, आणि पुढे उरलेला ३ त्यांत मिळवा. ५,७१,४२८. आली की नाही परत? यामागचे कारण थोडे लक्ष देऊन ऐका, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहे. पंचविसात सात तीनदा जातात आणि चार उरतात. सातपट म्हणजे ९,९९,९९९, तेव्हा पंचवीसपट म्हणजे तीन वेळा ९,९९,९९९ अधिक आपल्या संख्येची चौपट. तीन वेळा ९,९९,९९९ म्हणजे तीस लाखांत तीन कमी. ते तीस लाख पुढे ३ म्हणून उभे राहतात आणि कमी पडलेले तीन मागच्या चौपटीतून जातात. आपण पुढचा ३ मागे मिळवला म्हणजे ती उधारी फेडली. एवढेच.

ज्याला सातने निःशेष भाग जातो त्याने गुणले तर नऊच नऊ येतात. आपल्या गाड्यांच्या पाटीवरचा एमएच १४ घ्या. चौदाने गुणून १९,९९,९९८, पुढचा एक मागे मिळवला की सहा नऊ. पाटीवरून आठवले. हवा तो क्रमांक मिळावा म्हणून आरटीओत जादा शुल्क भरणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. बेरीज नऊ आली पाहिजे, आठ नको, असे त्यांचे शास्त्र. हौसेला मोल नसते, माझे काही म्हणणे नाही. फक्त एक विचारतो. या संख्येच्या अंकांची बेरीज सत्तावीस, म्हणजे पुन्हा नऊ. ती शुभ म्हणून नऊ आहे की सहा नवांचा भाग म्हणून? भागाकार मांडला की उत्तर मिळते, आणि ते फुकट मिळते.

सत्तावीस आलेच आहेत तर आणखी एक. १,४२,८५७ ला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे सत्तावीसने, निःशेष भाग जातो. उत्तर ५,२९१. अशा संख्यांना जगभर हर्षद संख्या म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही हर्षद हेच लिहिलेले असते. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव देणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातला. भोसरीवरून चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव करत नाशिकला जाणारा जो आपला रस्ता आहे, त्याच्या टोकाशी देवळाली आहे. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळी संख्यांशी खेळायचे. त्यांचे पुष्कळसे लेखन स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून आले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो असे नाव दिले, ते डोंबिवली स्टेशनवरून. काहींना स्वयंभू म्हटले. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळे किरकोळ वाटत असे. चार अंकी संख्येतल्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करत राहा, चारही अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ वरच येऊन थांबता, हा त्यांचा शोध १९४६ चा. आज कापरेकर स्थिरांक म्हणून तो पाठ्यपुस्तकांबाहेरही प्रसिद्ध आहे आणि मुलांना बहुधा ठाऊक असेल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांवर लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते, साधारण माझ्या आजच्या वयाचे. १९८६ मध्ये ते वारले.

आपल्या संख्येशी त्यांचे नाते आणखी जवळचे आहे. ४५ चा वर्ग २०२५. मधून कापा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, तीस अधिक पंचवीस, ५५. ज्या संख्येचा वर्ग असा कापून जोडला की मूळ संख्या परत मिळते तिला कापरेकर संख्या म्हणतात. ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या सुरुवातीच्या काही. आता आपल्या संख्येचा वर्ग करू. मी तो घरी कागदावर केला आहे, कॅलक्युलेटरवर अंक पुरत नव्हते : २०,४०,८१,२२,४४९. मागचे सहा अंक वेगळे काढा, १,२२,४४९. पुढे उरले २०,४०८. बेरीज करा.

पहिल्या रांगेतून उत्तर आले. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. बरोबर.

हे का होते, ते तुम्हाला मघाशीच सांगून झाले आहे. पंचवीसच्या जागी आपली संख्याच ठेवा. तिला सातने भागले तर २०,४०८ वेळा भाग जातो आणि बाकी एक उरते. म्हणजे नियमाप्रमाणे पुढे २०,४०८ उभे राहणार, मागे संख्येची एकपट राहणार आणि तीतून २०,४०८ ची उधारी जाणार. ती उधारी परत मिळवली की एकपट, म्हणजे मूळ संख्या. वर्गाचा आकडा प्रचंड दिसतो, पण काम पंचवीसच्या गुणाकाराइतकेच आहे.

आता एक शंका रास्त आहे. सातच्याच नशिबी हे का? आठने भागा, ०.१२५, तीन अंकांत संपले. अकराने भागा, ०९, ०९ असे दोनच अंक फिरत राहतात. तेराने भागले तर गंमत होते, रहाट एकाऐवजी दोन होतात. एकावर ०७६९२३, दुसऱ्यावर १५३८४६, आणि तेराच्या बारा बाक्या या दोन रहाटांत सहा-सहा अशा वाटून जातात. पूर्ण एकच रहाट हवा असेल तर सातनंतर थेट सतरावर जावे लागते. शंभराच्या आत अशा मूळ संख्या नऊच आहेत : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. सध्या आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा जोरात आहे, सात इमारती पाडून एक टॉवर उभा करायचा म्हणे. बाकी फायदे-तोटे समिती सांगेल, पण एकाने भागल्यावर ही संख्या सोसायटी सोडून जाणार, एवढे सभासदांनी मतदानाआधी लक्षात घ्यावे!

अशा मूळ संख्या पुढे कुठे संपतात का? एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये अंदाज मांडला की त्या कधीच संपत नाहीत, आणि सगळ्या मूळ संख्या धरल्या तर शंभरातल्या साधारण सदतीस अशा निघतील. संगणकाने मोजून पाहिले तर आकडा तिथेच येतो. पण मोजणे आणि सिद्ध करणे यांत फरक असतो. त्या कधीच संपत नाहीत, एवढी साधी गोष्टही आजपर्यंत कुणी निर्विवादपणे सिद्ध केलेली नाही. चौथीच्या भागाकारापासून निघालेला रस्ता इतक्या लवकर अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे जगातले मोठे गणितज्ञही अजून थांबलेले आहेत. मला स्वतःला या विषयात सगळ्यात हे आवडते.

मुलांसाठी सतराचा रहाट फळ्यावर लिहून ठेवतो. सोळा अंक आहेत : ०५८८२३५२९४११७६४७. हे पुसू नका, वहीत उतरवून घ्या. दोनने गुणा, तीनने गुणा, थेट सोळापर्यंत, आणि मग सतराने. सुरुवातीचा शून्य मात्र गाळू नका. काही मुले तो बिनकामाचा म्हणून सोडून देतात आणि मग तिसऱ्या गुणाकारातच येऊन सांगतात, आजोबा, तुमचा रहाट अडकला. उत्तरे रविवारी सकाळी दहानंतर आणा, दुसरी इमारत, तळमजला. पासबुकवाल्यांनी आता पुढे यावे.